निळ्या काचेचा चष्मा

माझ्या मुलीला वाचता येत नाही, असं तिसरीच्या बाईंनी मला शाळेत बोलावून सांगितलं, तेव्हा मी आधी बाईंवरच उखडले. कंपनीतून हाफ डे टाकून आले होते, आणि बाई व्हरांड्यात उभ्या राहून म्हणतात, "मॅडम, तिला पुस्तकातलं सगळं येतं, पण वाचता येत नाही." हे काय बोलणं झालं? मी म्हटलं, "बाई, आमच्या घरात ती शाळेत जायच्या आधीपासून रोज वंदना वाचते. पाली वाचते पाली! आणि तुमचा मराठीचा धडा तिला वाचता येत नाही होय?"

बाई भांडल्या नाहीत. "घरी न झालेलं काहीतरी वाचायला देऊन बघा," एवढंच म्हणाल्या आणि वर्गात गेल्या. मी रिक्षाभर त्यांच्या नावाने बोटं मोडली.

वंदनेबद्दल सांगायला हवं, नाहीतर माझा राग कुणाला कळायचा नाही. आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात राहतो. माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, कारखान्यातून रिटायर झाले आहेत. घरात रोज संध्याकाळी बुद्धवंदना होते आणि मामांचा एक नियम आहे, वंदना कितीही पाठ असो, पुस्तक हातात पाहिजे. त्यांच्या वडिलांना अक्षरओळख नव्हती. तरी ते विहारात जाताना पुस्तिका घेऊन जायचे आणि उघडून धरायचे. ज्या हातांना कुणी पुस्तक शिवू दिलं नाही, त्या हातांत ते आता असलंच पाहिजे, असं ते म्हणायचे. म्हणून आमच्याकडे प्रत्येकाची वेगळी पुस्तिका आहे. मुलगी बसायला लागली तशी तिलाही एक मिळाली. ती ओळीखाली बोट फिरवायची, आमच्याबरोबर म्हणायची आणि बरोबर जागेवर पान उलटायची. पाहुणे आले की तिला मुद्दाम वाचायला लावायचो. पाहुणे तोंडात बोट घालायचे आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

तर त्या दिवशी घरी आल्यावर मी पेटून तिच्यासमोर कसलंतरी गोष्टीचं पुस्तक टाकलं. म्हटलं, वाच, उद्या बाईंना सांगते. तिने बोट ठेवलं. पहिल्या शब्दावरच थांबली. मग काहीतरी बोलली, ते पानावर नव्हतंच, शेजारच्या चित्रावरून बनवलेलं होतं. मी ओरडले. तशी डोळे चोळत म्हणाली, "मम्मी, अक्षरं हलतात."

अक्षरं हलतात! मला एकदम सुटल्यासारखं झालं. म्हणजे डोळे. डोळ्यांचं काही असलं की चष्मा लागतो, संपलं. दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नीट तपासलं, बाहुली मोठी करायचं औषध घालून पुन्हा तपासलं आणि म्हणाले, "नंबर नाही. डोळे ठणठणीत आहेत. शिकण्यातल्या अडचणीची तपासणी करून घ्या. वाचन वेगळ्या पद्धतीने शिकवणाऱ्या शिक्षिका असतात, त्यांना दाखवा."

शिकण्यातली अडचण. मला तो शब्द शिवीसारखा लागला. आमच्याकडे दागिने कमी असतील, जागा कमी असेल, पण शिक्षणात कमी? ज्या घरात मामांच्या शाळेचा दाखला फ्रेम करून भिंतीवर लावलाय, त्या घरातल्या पोरीला शिकण्यात अडचण? डॉक्टरांचा कागद मी पर्समध्ये टाकला आणि घरी कुणाला दाखवला नाही. ऐकावे जनाचे, करावे मनाचे.

आणि मनासारखं सांगणारं माणूस आठवड्याभरात भेटलंच. आमच्या ऑफिसात बदलापूरहून एक मुलगी येते. ती म्हणाली, "ताई, आमच्या मांजर्लीत एक सेंटर आहे. काही मुलांना पांढऱ्या कागदावरची काळी अक्षरं सहन होत नाहीत. रंगीत काच लावली की पोरं धडाधड वाचतात. माझ्या भावजयीने सांगितलं." मी त्याच रविवारी मुलीला घेऊन बदलापूरला उतरले.

सेंटर म्हणजे पहिल्या मजल्यावरचा एक फ्लॅट होता. खाली पार्किंगच्या खांबांवर पुराच्या पाण्याची मातकट रेघ, वर मात्र सगळं चकाचक. सेंटरच्या मॅडम माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या, बोलायला फार गोड. त्यांनी मुलीला मांडीवर उशी दिली, पाणी दिलं, नाव-गाव विचारलं. मग एक छापील उतारा समोर ठेवला आणि म्हणाल्या, "वाच बाळा. अडलं तर मी आहे."

मुलगी शब्दाशब्दाला अडली. मॅडम प्रत्येक शब्द हळूच सांगत होत्या, कुठे रागावणं नाही की काही नाही. मग त्यांनी उताऱ्यावर पिवळं पारदर्शक प्लास्टिक ठेवलं. पुन्हा वाच. थोडं बरं झालं. गुलाबी ठेवलं, आणखी बरं. हिरवं ठेवलं, एखाददुसराच शब्द अडला. शेवटी निळं ठेवलं आणि माझ्या मुलीने सगळं वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, स्वल्पविरामाला थांबून, प्रश्नचिन्हाला आवाज चढवून.

मी तिथे, परक्या माणसाच्या सोफ्यावर, ढसाढसा रडले. मॅडमचेही डोळे भरले होते. "बघा," त्या म्हणाल्या, "मूल हुशारच असतं. आपल्याला फक्त त्याचा रंग सापडावा लागतो."

घरी सांगितलं तर मामा हसत सुटले. "निळा? निळाच निघणार! आमच्या नातीला दुसरा कुठला रंग लागणार?" त्यांनी वस्तीत चार ठिकाणी सांगितलं.

काचा रंगवून घ्यायला उल्हासनगरला गेलो. तिथे एका सिंधी दुकानदाराकडे आमच्या सगळ्या घराचे चष्मे होतात. त्याने डॉक्टरांचा कागद बघितला, मुलीकडे बघितलं. "दीदी, नंबर तो झिरो है. चश्मा कायको?" मी त्याला सगळं समजावलं, सेंटरमधून आणलेला निळ्या प्लास्टिकचा तुकडा दाखवला. त्याने मागच्या खोलीत काचा गरम रंगात बुडवल्या, काढल्या, तुकड्याला लावून बघितल्या, पुन्हा बुडवल्या. रंग अगदी हुबेहूब उतरला. चष्मा तिच्या नाकावर बसवताना तो म्हणाला, "कलर की गॅरंटी मेरी. पढाई की नहीं, हां." मला त्याचं बोलणं झोंबलं, पण मुलगी आरशात बघून इतकी खूश झाली होती की मी पैसे काढून दिले.

त्यानंतरचे महिने आमच्या घरात सणासारखे गेले. चष्मा लावला की ती वाचायची. मामा रोज तिला घेऊन बसायचे. ते आधी वाचून दाखवायचे, मग ती वाचायची. शाळेतल्या बाई अजून "जरा थांबून बघू" म्हणत होत्या, पण मला त्यांचं काही ऐकायचंच नव्हतं. शेजारच्या दोन बायका आपापली पोरं घेऊन चष्मा बघायला आल्या. मी त्यांना सेंटरचा पत्ता दिला. दुकानदाराचाही दिला.

मग वर्षावास सुरू झाला. पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं आणि रोज एका घराची वाचायची पाळी असते. आमची पाळी आली तेव्हा मामांनी जाहीर केलं की यंदा आपल्या घरातून नात वाचणार. कुठली पानं वाचायची ते ठरवून त्यांनी तिची रोज तयारी करून घेतली. मी पांढरा फ्रॉक इस्त्री केला. माझे मिस्टर सेकंड शिफ्टला असतात, त्यांनी शिफ्ट बदलून घेतली.

त्या संध्याकाळी धो धो पाऊस होता, तरी विहार भरला होता. मूर्तीपुढची मेणबत्ती दारातून येणाऱ्या वाऱ्याने आधीच विझली होती. मुलगी टेबलामागे उभी राहिली, निळा चष्मा नीट केला आणि वाचायला लागली. काय वाचत होती! माझ्या बाजूची म्हातारी माझा हात दाबून म्हणाली, "पोरगी नाव काढंल बाई." मिस्टर मोबाइलवर शूटिंग करत होते. मामा पहिल्या रांगेत ताठ बसले होते.

दुसऱ्या पानाच्या मध्यावर लाइट गेली.

असा काळोख झाला की शेजारचं माणूस दिसेना. "गेली बाई," कुणीतरी म्हणालं. कुणी मेणबत्ती पेटवायला काडेपेटी शोधायला लागलं. आणि त्या काळोखातून माझ्या मुलीचा आवाज येत राहिला. तीच लय, तेच थांबणं. एक शब्द अडला नाही, एक शब्द गळला नाही. मग कागद सळसळला. तिने काळोखात पान उलटलं आणि पुढे वाचू लागली.

मिस्टरांनी मोबाइलचा टॉर्च तिच्यावर मारला. ती मान खाली घालून उभी होती, ओळीखाली बोट फिरवत. उजेड आल्याचंही तिला काही वाटलं नाही, जसं लाइट गेल्याचं वाटलं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "तोंडपाठ आहे हो पोरीला!" कुणीतरी कौतुकाने ओरडलं.

मी टाळ्या वाजवायला हात उचलले होते ते तसेच राहिले. पांढऱ्या कागदावरची अक्षरं जिला सहन होत नाहीत, जिला दिवसाढवळ्या निळी काच लागते, ती काळोखात वाचत होती.

घरी आलो तोवर लाइट आली होती. मुलगी फ्रॉकवर खाऊ सांडत बसली होती. मी ग्रंथ घेतला, तिने वाचलेल्या पानांच्या पुढचं पान उघडलं आणि शक्य तितक्या साध्या आवाजात म्हटलं, "हे पण वाचून दाखव ना."

तिने चष्मा लावला. पानाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हे आजोबांनी अजून नाही सांगितलं."

"सांगितलं नाही म्हणजे?"

"म्हणजे म्हणून नाही दाखवलं. ते आधी सांगतात, मग मी वाचते ना."

तिच्या आवाजात लबाडी नव्हती, भीतीही नव्हती. हे काय विचारायचं, अशा सुरात ती बोलली. मामा दारात उभे होते. ते आत आले, वंदनेची पुस्तिका उघडली, मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. "बाळ, हा कोणता शब्द?" तो शब्द ती बोलायला शिकली तेव्हापासून रोज म्हणत होती. तिने त्या शब्दाकडे बघितलं, मग बोट उचलून पानाच्या वरच्या टोकाला नेलं आणि पहिल्या ओळीपासून पुटपुटायला लागली. म्हणत म्हणत, बोट सरकवत खाली आली. त्या शब्दावरून पुढे गेली. तिला तो सापडला नाही.

मामा पलंगावर बसले. "मी तर सराव करून घेत होतो," एवढंच बोलले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ज्या बाईंना मी व्हरांड्यात झाडलं, त्यांनी हेच तर सांगितलं होतं.

त्या धक्क्यातून सावरल्यावर मला पहिला राग आला तो बदलापूरच्या मॅडमचा. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली, मुलीला घेतलं आणि तणतणत मांजर्ली गाठली. तोंडावर चष्मा फेकायचा आणि दुकान बंद करायला लावायचं, असं ठरवूनच गेले होते. मॅडमने दार उघडलं आणि मुलीला बघून इतक्या आनंदाने हसल्या की माझी धार थोडी बोथट झाली. मी म्हटलं, "मॅडम, नवीन उतारा द्या. हिने कधी न ऐकलेला."

त्यांनी दिला. निळा चष्मा डोळ्यांवर होताच. मुलगी पहिल्याच शब्दाला अडली. मॅडम सवयीने शब्द सांगायला पुढे झाल्या. मी म्हटलं, "थांबा. सांगू नका." त्या थांबल्या. मुलगीही थांबली. पुढे काहीच झालं नाही.

"आता तुम्ही तो उतारा तिला मोठ्याने वाचून दाखवा. दोन-तीनदा."

त्यांनी वाचला. मग मी मुलीच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून पर्समध्ये टाकला. "वाच आता." आणि तिने वाचलं, स्वल्पविरामाला थांबून, प्रश्नचिन्हाला आवाज चढवून.

मॅडमच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मी भांडायला आले होते आणि समोरची बाई खुर्चीची पाठ धरून उभी होती. त्या म्हणाल्या, "सगळ्या रंगांना मी तोच उतारा देते. वेगळा दिला तर एखादा सोपा, एखादा कठीण निघेल, मग तुलना बरोबर होणार नाही, म्हणून." आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारखं, "आणि निळा नेहमी शेवटी ठेवते."

ही बाई लबाड असती तर बरं झालं असतं. तिने प्रत्येक रंगाला सारखा न्याय मिळावा म्हणून तोच उतारा दिला, पोरं हिरमुसू नयेत म्हणून शब्द सांगितले, आणि तसं करत करत प्रत्येक वेळी तो उतारा माझ्या मुलीला पाठ करून दिला. पहिल्यांदा पिवळा, शेवटी निळा. हिरवा शेवटी असता तर आमच्या घरात हिरवा चष्मा आला असता आणि मामांनी त्याचंही काहीतरी कारण शोधलं असतं. एखाद्या मुलाच्या डोळ्यांना रंगीत काचेने खरंच थंड वाटत असेल, मला माहीत नाही. पण अक्षर काय म्हणतंय ते काच सांगत नाही. ते कुणीतरी शिकवावं लागतं, आणि माझ्या मुलीला ते वेगळ्या तऱ्हेने शिकवावं लागणार होतं. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद अजून माझ्याच पर्समध्ये होता.

शेजारच्या त्या दोघींना मी त्याच संध्याकाळी जाऊन सांगितलं. एकीने ऐकलं. दुसरीचा मुलगा चष्म्यात छान वाचतोय म्हणे, तिने दार लावून घेतलं.

आता मुलीला सांगायचं उरलं होतं. तिला कमीपणा वाटू नये, आपण फसवलं असंही वाटू नये, हे कसं जमवायचं याचा मी आणि मिस्टरांनी खूप विचार केला. शेवटी रविवारी सकाळी मी तिला जवळ घेतलं. मिस्टर खुर्चीत पेपर वाचत होते, मामा चहा पीत होते. मी म्हटलं, "आता तुझ्यासाठी एक नवीन टीचर येणार. त्या तुला वाचायला शिकवतील."

"पण मला येतं ना वाचायला."

"तुला म्हणता येतं, बाळा. खूप छान येतं. वाचणं थोडं वेगळं असतं. वाचणं म्हणजे जे आपल्याला कुणीच सांगितलेलं नाही, ते पानावर बघून कळणं."

तिला ते पटलं नाही. कपाळावर आठ्या घालून ती विचार करत राहिली. मग बापाकडे वळली.

"पप्पा, तुम्ही हा पेपर कधी पाठ करता?"

मिस्टरांना वाटलं ती गंमत करते आहे. "पेपर कोण पाठ करतं? आत्ता तर आला."

"नाही, पण रोज नवीन येतो ना. मग कधी करता? मी झोपल्यावर? मी खूपदा बघितलं, मला कधी दिसलं नाही." ती एकेकाकडे बघू लागली. "आणि बाई पण सगळी पुस्तकं पाठ करून येतात. मम्मी बसची पाटी पण लगेच सांगते. मला वाटायचं तुम्हा सगळ्यांचं पटकन पाठ होतं. माझंच हळू होतं."

पेपर मिस्टरांच्या मांडीवर पडला. मामांचा कप तोंडापाशीच राहिला. आम्ही सगळे मजेत वाचत होतो तेव्हा आमच्यात बसून ही एकटी पोर सगळं जग पाठ करायला निघाली होती, आणि होत नाही म्हणून स्वतःलाच मठ्ठ समजत होती.

मी म्हटलं, "नाही गं राणी. आम्ही कुणीच पाठ करत नाही. अक्षरं बघितली की कळतं."

"काहीच नाही पाठ करत?"

"काहीच नाही."

ती माझ्या मांडीवरून उठली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं तेच त्या संध्याकाळी विहारातल्या काळोखात माझ्या चेहऱ्यावर असणार. तिने पप्पांकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"